उजवा पेड, डावा दोर

फार पूर्वीची, शिडांच्या गलबतांच्या काळातली ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी एक बंदर होते आणि त्या बंदरात म्हाळसाआत्या नावाची एक बाई राहत होती. ती नेमकी कुणाची आत्या, हे कुणालाच सांगता आले नसते. लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत आणि सगळे तिला थोडे भीतही असत. तिची जीभ तिखट होती, पण हात मोठे कसबी होते. असे हात असले की जिभेचे सगळे खपून जाते.

या बंदराचे नाव झाले होते ते दोरामुळे. नारळाच्या काथ्याचा इतका चिवट दोर दुसरीकडे कुठे मिळत नसे. लांबलांबचे नाखवे वाट वाकडी करून इथे येत आणि दोराची वेटोळी गलबतात भरून नेत.

दोर व्हायचा तो असा. आधी काथ्या मांडीवर वळून त्याचे पेड करायचे. मग तीन पेड एकमेकांवर वळून त्यांचा दोर करायचा. पेड घरोघरी बायका करत आणि आत्या त्या बायकांची म्होरकी. पेडाला पीळ द्यायचा तो नेहमी उजवीकडे. का, तर बंदराच्या दर्यादेवीला प्रदक्षिणा उजवी घालतात म्हणून. निदान बायका तरी तसे सांगत. देवीची फेरी पेडात उतरते, म्हणून आमचा दोर तुटत नाही, असे आत्याही छातीठोकपणे म्हणे.

पेडांचा दोर करणे हे मात्र पुरुषांचे काम. समुद्राच्या कडेने एक लांबच लांब मोकळी पट्टी होती, तिला दोरवाट म्हणत. तिथे पेड ताणायचे आणि उन्हातान्हात उलट्या पावलांनी मागेमागे चालत ते एकमेकांवर वळायचे; कुठल्या बाजूला, ते वळणाऱ्याचे हातच जाणत, कुणी कधी विचारले नाही. माणसाचे कंबरडे मोडावे असे ते काम. आत्याचा नवरा तेच करता करता म्हातारा झाला आणि एक दिवस गेला. पुढे बंदर वाढले, पेढ्या उघडल्या. कुणाचा मुलगा गलबतावर तांडेल झाला, कुणाचा पेढीवर कारकून. सुलट चालून पोट भरत असेल तर उलटे चालायला कोण जाणार? दोरवाट ओस पडली. घराघरात पेडांचे ढीग आणि दोर वळायला माणूस नाही, अशी गत झाली.

त्याच सुमारास बेटवाले आले.

दूर समुद्रात त्यांचे बेट होते. समुद्र दरवर्षी थोडे थोडे बेट खात गेला आणि शेवटी घरात पाणी शिरले, तेव्हा ती माणसे होड्यांत बसून निघाली. बरोबर चटया होत्या, मडकी होती, शेळ्या होत्या आणि त्यांच्या देवाचा एक जळता दिवा होता. बंदरावर उतरली तेव्हा अंगावर धड कपडा नव्हता, पण दिवा विझू दिला नव्हता. धक्क्यावर बघ्यांची गर्दी झाली. पुढे कुणी होईना. आत्या मात्र गर्दी हटवत पुढे गेली आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. त्याचे नाव तबरू.

"काम काय येतं?" आत्याने विचारले.

"दर्यात जे लागतं ते सगळं येतं, बाई," तबरू म्हणाला. "होडी, जाळं, दोर."

"उलट्या पावलांनी चालता येतं?"

तबरू कसनुसा हसला. "घर सोडून आलोय. घर दिसेनासं होईपर्यंत उलटंच बघत होतो."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आले. तिने तोंड वळवले आणि बायकांवर खेकसली, "बघत काय बसलात? पेज घाला यांना!"

अशी बेटवाल्यांना दोरवाट मिळाली. ते पेड ताणत आणि डावीकडे वळत. का, तर त्यांच्या दिव्याभोवती ते डावी फेरी घालत म्हणून. देवाची फेरी दोरात उतरते, म्हणून हा दोर तुटत नाही, असे तबरूही छातीठोकपणे म्हणे. आत्या हे ऐकून नाक मुरडी आणि तबरू आत्याचे ऐकून मिशीत हसे. पण दोर उत्तम होत होता, नाखवे खूश होते, आणि पोट भरलेले असले की देवावरून भांडायला माणसाला सहसा सुचत नाही.

बंदर आणखी वाढले. बेटवाल्यांची आळी झाली, दिव्याचे छोटेसे मंदिर होते त्याचे मोठे झाले. मग कुरकुर सुरू झाली. घरे मिळेनात, तर म्हणे बेटवाल्यांमुळे. मासळी महागली, तीही बेटवाल्यांमुळे. एका वर्षी आंब्याला मोहोर कमी आला तेव्हासुद्धा लोकांनी त्यांच्याच आळीकडे बोट दाखवले. बेटवाल्यांची तरुण मंडळीही काही कमी नव्हती. आमच्याशिवाय तुमच्या बंदरात एक होडी बांधून राहणार नाही, असे ती चारचौघांत बोलून दाखवत. ते खरे होते म्हणूनच जास्त झोंबत होते.

आणि एका वर्षी देवीची पालखी आणि बेटवाल्यांचा दिवा एकाच दिवशी निघाले. धक्क्यासमोरच्या चौकात पालखी शिरली ती उजवी फेरी घेत. दिवा शिरला तो डावी फेरी घेत. दोघे एकमेकांच्या समोर आले. चौक अरुंद. मागे कोण सरणार? पालखीवाले म्हणाले, तुम्ही सरा. दिव्यावाले म्हणाले, तुम्ही सरा. मागच्यांना पुढचे दिसत नव्हते, त्यांनी रेटा दिला. दिव्यातले तेल सांडले आणि पालखीवरच्या शेल्याला ठिणगी लागली. शेला विझवला, पण तोवर काठ्या निघाल्या होत्या. दोन्हीकडची डोकी फुटली.

तो शेला आत्याने वाहिलेला होता. तिचा मुलगा लखू पहिल्यांदा तांडेल होऊन गलबतावर गेला, तेव्हा तो सुखरूप यावा म्हणून तिने देवीला तो नवस केला होता. शेल्याचा जळका काठ हातात घेऊन ती चौकातच बसली. 

दुसऱ्या दिवशी बंदराचा नगरशेट पारावर उभा राहिला. माणूस मनाने वाईट नव्हता, पण गर्दीला फार भ्यायचा. गर्दी जे ओरडेल ते त्याने आधीच ठरवलेले असे. त्याने फर्मान काढले, की या बंदरात यापुढे कोणतीही वस्तू डावीकडे फिरणार नाही. जाते उजवीकडे, चाक उजवीकडे, घाणा उजवीकडे. तेल्याच्या बैलाला जन्मभराची डावीकडची सवय. तो उजवीकडे दोन फेऱ्या फिरला आणि मटकन खाली बसला, तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. लोक हसले, पण फर्मान काही कुणी मागे घेतले नाही.

"आणि दोर?" कुणीतरी विचारले.

सगळ्यांनी आत्याकडे पाहिले. नगरशेटानेही पाहिले. दोराच्या बाबतीत आत्याच्या शब्दापुढे बंदरात कुणाचा शब्द नव्हता. ती नुसते 'दोराला हात लावू नका' म्हणाली असती तरी पुरे होते. तबरू लांब उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता. ज्या बाईने आपल्याला पेज घातली ती आपल्याला उपाशी घालवणार नाही, असा त्याला भरवसा होता.

आत्याच्या डोळ्यांसमोर जळका शेला होता. ती म्हणाली, "दोरही उजवाच. देवीच्या पेडाला डावं वळण आजपासून नको."

तबरूने मान खाली घातली. "तुमच्या उजव्या पेडात काही नव्हतं, आत्या," तो म्हणाला. "बळ होतं ते आमच्या डाव्या वळणात. कळेल तुम्हाला."

"जा बघू इथून!" आत्या ओरडली, आणि ओरडल्यावर तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. पण बोललेला शब्द परत गिळता येत नाही.

बेटवाले आपली मडकी, चटया आणि दिवा घेऊन खाडीपलीकडच्या रेतीवर जाऊन राहिले.

आता दोरवाटेवर बंदरातलेच लोक उतरले. जुने दोर वळणारे एव्हाना कुणी उरले नव्हते. कारकून उतरले, दुकानदार उतरले, सनईवाले वाजवायला उतरले. उजवे पेड घेतले आणि उजवीकडेच वळले. दोर दिसायला देखणा झाला. टोके सुटू बघत होती, पण ती तांबड्या धाग्याने घट्ट बांधली, वर हळदकुंकू वाहिले. पहिल्या दोराने एक मचवा बांधला. भरती आली, दोराला ताण बसला आणि दोर गरगर फिरत उलगडला. मचवा सकाळी चिखलात सापडला. लोक म्हणाले, पलीकडच्यांची नजर लागली. त्यांनी पुढच्या दोराला लिंबूमिरची बांधली आणि दोर आणखी जाड केला.

पलीकडे काय चालले होते? बंदरातल्या बायकांचे पेड आता मिळत नव्हते. बेटावरही पेड विकतचेच असत, पण आता बेटवाले पहिल्यांदाच पेडही स्वतः करू लागले. तेही डावीकडे, आणि दोरही डावीकडे. आता सगळीच देवाची फेरी, म्हणाले. त्यांचाही दोर दिसायला देखणा झाला. त्याला बांधलेली शेळ्यांची होडी ओहोटीबरोबर निघून गेली. ते म्हणाले, अलीकडच्यांचे शाप भोवले. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तसे दोन्ही तीरांवर चालले होते.

असेच दिवस चालले होते, आणि एका सकाळी बंदराचे मोठे गलबत परत आले.

या गलबतावर लखू तांडेल होता. त्याच्या हाताखाली बंदरातले खलाशी होते आणि बेटवाल्यांचेही होते, तबरूचा नातू त्यांतच होता. ती मंडळी भांडणाच्या आधीच निघाली होती, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. गलबत खाडीच्या तोंडाशी आले आणि वारा फिरला. आभाळ काळे झाले, लाटा उठल्या. गलबताने बाहेरच नांगर टाकले. एका नांगराचा दोर खडकावर घासून तुटला. दुसरा टिकून होता, पण तो किती टिकणार? मागे काळे खडक दात काढून उभे. उपाय एकच होता. किनाऱ्यावरून मोठा दोर न्यायचा, गलबताला बांधायचा आणि सगळ्या बंदराने ओढून गलबत आत घ्यायचे.

सगळा गाव धक्क्यावर जमला. आत्या सर्वांत पुढे. गलबतावरची माणसे मुंगीएवढी दिसत होती, तरी त्यातला लखू कोणता हे तिला समजत होते.

होड्यांनी बंदराचा सर्वांत जाड, सर्वांत उजवा दोर गलबतापर्यंत नेला. खलाशांनी तो बांधला. धक्क्यावर माणसे ओढू लागली. ताण बसताच दोर थरथरला, गरगर फिरला, तीन पेड तीन दिशांना सुटले आणि फट्‌ फट्‌ करून एकामागून एक तुटले. माणसे एकमेकांवर पडली.

"बेटवाले बघा!" कुणीतरी ओरडले. पलीकडच्या तीरावरून बेटवाल्यांच्या होड्या निघाल्या होत्या. त्यांची पोरेही त्याच गलबतावर होती ना! त्यांनी आपला सर्वांत जाड, सर्वांत डावा दोर नेला. तो गलबताला बांधला आणि आपल्या तीरावरून ओढू लागले. धक्क्यावर सगळे श्वास रोखून बघत राहिले. खरे सांगायचे तर काहींच्या मनात आले, की यांचा दोर टिकू नये. आत्याच्या मनात मात्र तसले काही आले नाही. "टिकू दे गं बाई," ती देवीला म्हणाली. "डावा तर डावा. टिकू दे."

तो दोरही फिरला, उलगडला आणि तुटला. फिरला मात्र उलट्या बाजूला.

आत्या मटकन धक्क्यावर बसली. बायका रडत होत्या, नगरशेट देवीला कौल लावायला सांगत होता. आत्याच्या कमरेला पेडाचा एक तुकडा खोचलेला असायचा, तो तिच्या हातात आला. चिंता लागली की तिचे हात आपोआप चालत. ती तो तुकडा मांडीवर वळू लागली, उजवीकडे, आणखी उजवीकडे, जन्मभर वळत आली तसा. गलबताने एक मोठा हेलकावा खाल्ला. आत्या दचकली आणि तिचे हात जवळ आले. पेड सैल पडला, स्वतःवरच दुमडला आणि आपणहून वळला. डावीकडे.

आत्या बघत राहिली. तिने तो ओढून पाहिला. ओढला तसा आणखी आवळला. तिने तो जोर लावून ओढला, दाताखाली धरून ओढला. तो उलगडेना.

हे तिने जन्मभर पाहिले होते. पेड सैल पडला की असाच दुमडून वळतो. दर वेळी तिने तो गुंता म्हणून सोडवून टाकला होता.

पेडाला उजवीकडचा पीळ असतो, म्हणून तो सुटायला डावीकडे बघतो. दोराला डावीकडचा पीळ असतो, म्हणून तो सुटायला उजवीकडे बघतो. एक सुटायला निघाला की दुसऱ्याला आवळतो. दोघांची तोंडे दोन दिशांना, आणि म्हणूनच दोघे एकमेकांना धरून. सगळे एकाच दिशेने वळले तर सगळे एकदमच सुटतात. आत्या उठली. 

"होडी आणा," ती म्हणाली. "मला पलीकडे जायचं आहे."

"या लाटांत? आत्या, वेड लागलं का?"

"लागलं होतं. आता उतरलं. होडी आणा!"

ती पलीकडे पोचली ती नखशिखांत भिजून. रेतीवर बेटवाल्यांचा एक तरणाबांड गडी आडवा उभा राहिला. "कशाला आलात?" तो म्हणाला. "पुन्हा हाकलायला? ही जागा तुमच्या शेटची नाही."

"हात जोडायला आले, बाबा," आत्या म्हणाली, आणि तिने खरोखरच हात जोडले. मग ती तबरूकडे वळली. "तुम्हाला मी ठेवून घेतलं होतं आणि मीच घालवलं. शेला जळला म्हणून माझं डोकं जळलं. चुकलं माझं. लखूसाठी म्हणून बोलत नाही. तो आत्ता सुखरूप उतरला असता तरी हेच बोलले असते." थोडे थांबून ती म्हणाली, "जरा उशिरा बोलले असते, एवढंच."

तबरूला हसू आवरले नाही. आत्याने त्याच्यापुढे पेडाचा तुकडा धरला, पीळ दिला आणि सैल सोडला. तो डावीकडे वळला. तबरूने आपला, डाव्या पिळाचा तुकडा घेतला, तसाच सैल सोडला. तो उजवीकडे वळला. म्हाताऱ्याने दोन्ही तुकडे शेजारी धरले.

"म्हणजे एवढी वर्षं," तो म्हणाला, "माझ्या देवामुळे म्हणून मी डावीकडे वळत होतो..."

"आणि माझ्या देवीमुळे म्हणून मी उजवीकडे."

"मग देवानं केलं तरी काय?"

"त्यानं तुम्हाला माझ्या दारात आणून सोडलं," आत्या म्हणाली. "बाकीचं आपल्या अकलेवर सोपवलं. तिथंच चुकला बिचारा. आता चला लवकर, पोरं तिकडं बुडतायत!"

आता नातू बुडत असताना कोण रुसून बसणार? बेटवाल्यांच्या साऱ्या होड्या एकदम पाण्यात पडल्या.

दोरवाटेच्या तोंडाशी नगरशेट उभा होता, मागे गर्दी. "आत्या, हे काय?" तो म्हणाला. "फर्मान आहे. दोर डावीकडे वळला तर देवीचा कोप होईल."

"शेटजी," आत्या म्हणाली, "देवीला प्रदक्षिणा मी उजवीच घालते, मरेपर्यंत उजवीच घालीन. तबरू त्याच्या दिव्याला डावी घालील. ते ज्याचं त्याच्यापाशी. पण दोराला प्रदक्षिणा घालायची नाहीये, दोरानं माणसं ओढून काढायची आहेत. कोप व्हायचा तर माझ्यावर होऊ दे. आणि माझा लखू बुडाला, तर मग कोप कुणाचा होतो ते तुम्ही बघाच."

नगरशेटाने गर्दीकडे पाहिले. गर्दी आत्याकडे बघत होती. त्यातला तेली पहिल्यांदा पुढे आला आणि म्हणाला, "बाजूला व्हा शेटजी, पेड आणायला जायचंय." नगरशेट बाजूला झाला. मग त्यालाही काय वाटले कोण जाणे, त्याने पगडी काढून भिंतीवर ठेवली आणि तोही पेड आणायला धावला.

घराघरातून पेड निघाले. माळ्यावरचे, पलंगाखालचे, कुणी मुलीच्या लग्नात मांडव बांधायला म्हणून जपून ठेवलेले. बायकांनी ते डोक्यावरून आणले. आत्याने एकेक पेड हाताने चाचपला, ढिला लागला त्याला उजवीकडे आणखी पीळ दिला. बेटवाल्यांनी ते ताणले आणि उलट्या पावलांनी मागे मागे निघाले, डावीकडे वळत. पाऊस तोंडावर मारत होता. वाळूत पाय रुतत होते. बेटवाले दमले तेव्हा बंदरातल्या पोरांनी त्यांच्या हातातली टोके घेतली आणि तीही उलटी चालू लागली. कुणी धडपडले तर दुसरा त्याला शिवी देऊन उठवत होता. त्या शिव्यांना कुठलाही धर्म नव्हता.

दोर झाला. टोकांना ना तांबडा धागा लागला, ना हळदकुंकू. तो सोडून दिला तरी जागचा हलत नव्हता.

होड्यांनी तो गलबतापर्यंत नेला. लखूने तो स्वतः बांधला आणि हात वर केला. नेमका तेव्हाच गलबताचा दुसरा नांगरही सुटला. धक्क्यावर एकच किंकाळी उठली. गलबत खडकांकडे ओढले गेले, दोर पाण्यातून वर आला, तारेसारखा ताणला गेला. दोर करकरला. आत्याने डोळे मिटले नाहीत.

दोर आवळला. समुद्र जितका ओढत होता तितका तो आवळत होता, आणि तुटत नव्हता.

"ओढा रे!" आत्या ओरडली. तिच्यापुढे तबरू होता, तबरूपुढे नगरशेट, मागे तेली, कारकून, बेटवाल्यांच्या बायका, देवीचा पुजारी आणि दिव्याचा रखवालदार. कुणी देवीचे नाव घेत होते, कुणी दिव्याचे, कुणाला नुसतेच रडू येत होते. पाय मात्र सगळ्यांचे एकाच वेळी मागे पडत होते. गलबत हातभर पुढे आले. मग वावभर. मग खडक मागे राहिले, आणि खाडीच्या शांत पाण्यात शिरताना गलबताने असा काही सुटकेचा हेलकावा दिला, की सगळा धक्का आनंदाने ओरडला. तो आवाज पलीकडच्या रेतीवर राहिलेल्या शेळ्यांनीसुद्धा ऐकला म्हणतात.

लखू उतरला. तबरूचा नातू उतरला. आत्याने लखूला पोटाशी धरले, मग त्याला बाजूला सारून नातवालाही धरले. तबरू लखूच्या तोंडावरून हात फिरवत राहिला.

लखूने धक्क्यावर पडलेला दोर उचलला, उलटसुलट करून बघितला. "आई, असा दोर मी आजवर पाहिला नाही. कुणी वळला हा?"

"उलट्या डोक्याच्या माणसांनी," आत्या म्हणाली. "दोन्हीकडच्या."

सगळे हसले. वादळ अजून ओसरले नव्हते, पावसाची सर चालूच होती, पण घरी जायचे कुणाच्या मनात येईना. बेटवाल्यांच्या बायकांनी चुली मांडायला जागा विचारली, तर बंदरातल्या बायकांनी आपापल्या ओसऱ्या उघडल्या. फर्मान कधी मागे घेतले ते नगरशेटाला नंतर कुणी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "कसलं फर्मान?" आणि पगडी शोधायला निघून गेला.

तात्पर्य: जो आपल्याला उलटा वाटतो, त्याच्याच पिळावर आपले बळ टिकते. सगळे एकाच बाजूला वळले, की पहिल्याच ताणाला दोर उलगडतो.